एका घरात दोन चुली

"मामा, हे उघडतच नाही."

रविवारी सकाळी भाची दारात उभी. एका हातात नवंकोरं मॅकबुक एअर, दुसऱ्या हातात लाल दोरी बांधलेला पेन ड्राइव्ह. ती पुण्यात रसायनशास्त्रात पीएचडी करते. फेलोशिपचे थकलेले हप्ते एकदम जमा झाले आणि तिने पहिली खरेदी केली ती ही. पेन ड्राइव्ह तिच्या सरांच्या आधीच्या विद्यार्थ्याचा. त्यात ओरिजिन नावाच्या ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरची सेटअप फाइल होती आणि त्या विद्यार्थ्याने पाच वर्षं खपून काढलेले ग्राफ होते, सगळे ओरिजिनच्याच फायलींमध्ये. सरांचं म्हणणं एवढंच, की नवे ग्राफ जुन्यांच्या शेजारी शोभले पाहिजेत. म्हणजे सॉफ्टवेअर तेच वापरायचं. आणि ओरिजिन फक्त विंडोजवर चालतं.

तिने सेटअपवर दोनदा टिचकी मारली. हे कागदपत्र उघडायला माझ्याकडे काही नाही, अशा अर्थाची एक चौकट मॅकने दाखवली. कागदपत्र! मॅकच्या लेखी तो प्रोग्रॅम नव्हताच.

लॅबमधल्या मित्रांनी तिला तीन सल्ले दिले होते. एक म्हणाला बूट कॅम्प टाक, दुसरा म्हणाला वाइन टाक, तिसरा म्हणाला मॅक विकून टाक. यातला पहिला सल्ला २०१५ साली अगदी अचूक होता. दुसरा कधी लागू पडतो, कधी नाही. तिसऱ्याबद्दल आपण शेवटी बोलू.

विंडोजची कुठलीही ईएक्सई फाइल उघडून आत डोकावलं, तर पहिली दोन अक्षरं दिसतात एम आणि झेड. डॉसच्या काळात ही फाइलरचना आखणाऱ्या मार्क झ्बिकॉव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची ती आद्याक्षरं. माणसाने स्वतःचं नाव असं कोट्यवधी फायलींच्या कपाळावर लिहून ठेवावं, याचा मला नेहमी हेवा वाटत आला आहे. ही खूण दिसली की विंडोज ओळखतं, हे आपल्यातलं. मॅक वेगळी खूण शोधतो. सोळाच्या अंकपद्धतीत लिहिलेली त्याची मूळची खूण इंग्रजीत 'फीडफेस' अशी वाचता येते. चौसष्ट बिटांच्या जमान्यात तिचं शेवटचं अक्षर तेवढं बदललं.

पण कपाळावरची खूण ही यातली सर्वांत क्षुल्लक बाब. प्रोग्रॅम विंडोजला खरा बांधलेला असतो तो आतून. त्यातल्या सूचना एका विशिष्ट जातीच्या चिपसाठी लिहिलेल्या असतात. विंडोजच्या बहुतेक प्रोग्रॅमसाठी ती जात म्हणजे इंटेलची एक्स-८६. ही पहिली गाठ. दुसरी गाठ अशी, की प्रोग्रॅम स्वतः फार थोडं करतो. खिडकी उघडून दे, फाइल वाचून दे, प्रिंटरला निरोप दे, अशी सारखी मागणी तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे करत असतो आणि ती मागणी विंडोजच्या बोलीत असते. तिसरी गाठ सगळ्यांकडे नसते, पण विज्ञानाच्या सॉफ्टवेअरकडे हमखास असते: एखादं यंत्र, एखादं कार्ड, एखादी यूएसबीची किल्ली, आणि तिच्याशी बोलणारा ड्रायव्हर. मॅकवर विंडोजचं सॉफ्टवेअर चालवायच्या जेवढ्या युक्त्या आहेत, त्यातली प्रत्येक युक्ती या तीनपैकी एखाददुसरी गाठ सोडवते. आपल्या प्रोग्रॅमला कोणकोणत्या गाठी आहेत हे न बघता युक्ती निवडली की शनिवार-रविवार वाया जातो. माझे किती गेले, ते पुढे येईलच.

गंमत म्हणजे एके काळी हे सगळं नेमकं उलट होतं. मॅकिंटॉश १९८४ साली आला, आणि पडद्यावर चित्र काढता येणारा, माऊस असलेला संगणक म्हणून शास्त्रज्ञांनी तो डोक्यावर घेतला. हार्वर्डमध्ये डेव्हिड इव्हान्स यांच्या शोधनिबंधांसाठी रेणूंच्या आकृत्या त्यांच्या पत्नी सॅली हाताने काढत. त्या कंटाळवाण्या कामातून आणि स्ट्युअर्ट रुबेनस्टाइन या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमिंगमधून १९८५ साली केमड्रॉ जन्मलं ते मॅकवर. पुढच्या वर्षी टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने लॅबव्ह्यू काढलं. आज प्रयोगशाळेतली निम्मी यंत्रं ज्याच्या तालावर नाचतात असं वाटतं, ते लॅबव्ह्यू सुरुवातीची काही वर्षं फक्त मॅकवर चालायचं. विंडोजवर ते आलं १९९२ साली. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी मोजायचं 'एनआयएच इमेज' १९८७ सालचं, तेही फक्त मॅकचं. मॅथेमॅटिकाची १९८८ची पहिली आवृत्ती मॅकचीच. तेव्हा पीसीवाला विद्यार्थी मॅकवाल्याच्या दारात पेन ड्राइव्ह, चुकलो, फ्लॉपी घेऊन उभा राहत असणार.

फासा फिरला तो नव्वदच्या दशकात. विंडोजचा पडदाही चित्रमय झाला, पीसी स्वस्त झाले, आणि मुख्य म्हणजे पीसीचं झाकण उघडून आत कुणीही बनवलेलं कार्ड खोचता येई. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना हेच हवं होतं. त्यांनी यंत्रासोबत पीसीही विकायला सुरुवात केली: एक्स-रे डिफ्रॅक्शनचं यंत्र घ्या, शेजारी पीसी, त्यात आमचं कार्ड, त्यावर आमचं सॉफ्टवेअर. यंत्र वीस वर्षं टिकतं. म्हणून सॉफ्टवेअरही वीस वर्षं टिकतं आणि त्याच्यासोबत विंडोजही. अनेक प्रयोगशाळांत अजून एखादा एक्सपी असतो, इंटरनेटची वायर काढून ठेवलेला, आणि त्याला कुणी हात लावू नये अशी सगळ्यांना ताकीद असते.

मॅकवाल्यांनी यावर उपाय शोधायला लवकर सुरुवात केली. तेव्हाच्या मॅकमध्ये पॉवरपीसी चिप होती. कनेक्टिक्स कंपनीचं व्हर्च्युअल पीसी १९९७ साली आलं. त्यात इंटेलच्या चिपची एक सोंगाडी प्रत सॉफ्टवेअरमध्येच बनवलेली होती. प्रत्येक सूचना घ्यायची, तिचा अर्थ लावायचा, पॉवरपीसीच्या भाषेत सांगायची. चालायचं, पण लग्नात पंगत वाढताना प्रत्येक घासाला परवानगी मागावी तसं.

मग २००५च्या जूनमध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी जाहीर केलं, की मॅकमध्ये आता इंटेलचीच चिप बसणार. पहिले इंटेल मॅक जानेवारी २००६ मध्ये आले आणि लोकांना राहवेना. चिप तीच, मग विंडोज का नाही? हौशी लोकांनी वर्गणी काढून बक्षीस लावलं, रक्कम तेरा हजार डॉलरच्या पुढे गेली, आणि मार्चमध्ये दोघा पठ्ठ्यांनी मॅकवर एक्सपी सुरू करून ते खिशात घातलं. तीन आठवड्यांनी, ५ एप्रिलला, ॲपलने स्वतःच बूट कॅम्प आणलं. मॅकच्या डिस्कचे दोन भाग करायचे. चालू करताना ठरवायचं, आज मॅक की आज विंडोज. विंडोज निवडलं की तो संगणक पुरता पीसी होई. तिन्ही गाठी एका झटक्यात सुटत, कारण सोडवायचं काही उरतच नसे.

एकच अडचण. एकाच चुलीवर दोन सुनांनी आळीपाळीने स्वयंपाक करावा तशी ही सोय. ग्राफ काढायला विंडोजमध्ये जा, तो थिसिसमध्ये टाकायला मॅकमध्ये या, मध्ये दर वेळी रीस्टार्ट. त्यामुळे २००६च्याच जूनमध्ये पॅरलल्स आणि पुढच्या वर्षी व्हीएमवेअर फ्यूजन आलं तेव्हा लोक तिकडे वळले. यांनी घरात दुसरी चूल मांडून दिली. मॅक चालूच राहतो, त्याच्या एका खिडकीत अख्खं विंडोज नांदतं. त्याला वाटतं आपण स्वतंत्र संगणकावर आहोत. खरं तर मेमरीतला एक कोपरा, डिस्कवरची एक मोठी फाइल आणि चिपचा थोडा वेळ एवढंच त्याच्या वाट्याला असतं. महत्त्वाचा मुद्दा असा, की यात भाषांतर नव्हतं. विंडोजच्या सूचना इंटेलच्या, खालची चिप इंटेलची. त्या थेट चालत. २००६ ते २०२० ही चौदा वर्षं मॅक वापरणाऱ्या शास्त्रज्ञांची सुगी होती. इंटरनेटवर, लॅबमध्ये, चहाच्या टपरीवर मिळणारे बहुतेक सल्ले त्याच सुगीतले आहेत.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम-वन चिप आणली. ही आर्म जातीची, मोबाइल फोनमधल्या चिपच्या गोत्रातली. कमी विजेत चालते, पंखा नसलेला लॅपटॉपही वेगाने पळतो. कौतुक रास्तच आहे. पण चिपची जात बदलली आणि पहिली गाठ पुन्हा आवळली गेली. बूट कॅम्प या मॅकवर नाहीच. भाचीला मी म्हटलं, "तुझ्या मित्राचा सल्ला चुकीचा नाही गं, फक्त शिळा आहे."

मग आता काय करता येतं? दुसरी चूल अजूनही मांडता येते, पण तिच्यावर आर्मचंच विंडोज शिजतं. मायक्रोसॉफ्टकडे तसं विंडोज आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी पॅरलल्समधून ते एम-वन, एम-टू मॅकवर चालवायला अधिकृत मान्यताही दिली. फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट झालं. आर्मच्या या विंडोजमध्ये ओरिजिनसारखा इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम टाकला, की विंडोज स्वतःच दुभाष्या होतं आणि त्याच्या सूचना चालता चालता आर्मच्या भाषेत आणतं. २०२४च्या आवृत्तीपासून या दुभाष्याला प्रिझम असं नाव आहे. हा शब्दाशब्दाला अडत नाही. एकदा केलेलं भाषांतर जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच वापरतो.

भाचीच्या मॅकवर आम्ही हेच केलं. विंडोज अकरा टाकलं. त्याला डिस्कवर ६४ जीबी जागा लागते हे आधी पाहून घेतलं नव्हतं, म्हणून तिच्या ट्रेकचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवण्यात दुपार गेली. मेमरी १६ जीबी होती हे नशीब. आठ असती तर दोन्ही चुली धुमसत राहिल्या असत्या आणि पोळी एकीचीही भाजली नसती. या मॅकची मेमरी नंतर वाढवता येत नाही, तेव्हा विकत घेतानाच हा विचार करावा. संध्याकाळी ओरिजिन सुरू झालं. तिने पहिली जुनी फाइल उघडायला घेतली आणि प्रोग्रॅम म्हणाला, अशी फाइलच नाही.

फाइल तर समोर दिसत होती. पाहिलं तर तिने फोल्डरला नाव दिलं होतं 'प्रयोग – जुने'. मराठीत, हौसेने. ओरिजिनने ते निमूट उघडलंही असतं, पण ती फाइल आधी ओरिजिनकडे जातच नव्हती. आधीच्या विद्यार्थ्याने एक छोटा जुनाट प्रोग्रॅम ठेवला होता, यंत्राच्या फाइलमधून आकडे उपसून ओरिजिनला देणारा. त्या काळचे प्रोग्रॅम अक्षरं ओळखायला विंडोजचे जुने संकेततक्ते वापरत. त्यांत रोमन लिपी होती, रशियन होती, अरबी होती. देवनागरीला असा तक्ता विंडोजने कधी दिलाच नाही. आपली लिपी विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडवाटे. त्यामुळे त्या जुन्या प्रोग्रॅमला 'प्रयोग'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची माळ दिसत होती. शिवाय फोल्डर मॅकच्या बाजूला होता आणि पॅरलल्स तो विंडोजला नेटवर्कवरचा फोल्डर म्हणून दाखवतं. जुन्या प्रोग्रॅमना तेही पचत नाही, त्यांना सी किंवा डी असं अक्षरी घर लागतं. फोल्डर विंडोजच्या सी ड्राइव्हवर नेला, नाव रोमन अक्षरांत 'prayog-1' केलं, आणि आकडे बाहेर आले. मराठीत काम करणाऱ्याला ही ठेच लागतेच. इंग्रजी मदतपुस्तिकेत ती सापडणार नाही.

उलट दिशेचीही एक ठेच आहे. मॅकने पेन ड्राइव्हवर फाइल लिहिली की सोबत एक छोटी सावली-फाइल लिहितो. नाव तेच, फक्त पुढे टिंब आणि खालची रेघ. मॅकवर ती दिसत नाही. यंत्राच्या पीसीवर मात्र दहा नमुन्यांचे वीस नमुने दिसतात आणि निम्मे उघडत नाहीत. त्या पेन ड्राइव्हचा फॉरमॅट एनटीएफएस असेल तर मॅक तो वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. दोघांनाही चालतो तो एक्सफॅट. वैज्ञानिक सॉफ्टवेअर चालत नाही म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच मी इथेच मिटवल्या आहेत.

आता वाइन. हा मार्ग मला बुद्धीने सर्वांत देखणा वाटतो. त्यात विंडोज नसतंच. १९९३ साली हौशी प्रोग्रॅमरांनी असा विचार केला, की प्रोग्रॅमला विंडोज हवं असतं ते फक्त मागण्या पुरवण्यापुरतं. त्या मागण्या दुसऱ्या कुणी त्याच बोलीत ऐकून पुरवल्या तर त्याला कळणारही नाही. ज्या हजारो मागण्या विंडोज ऐकतं, त्या एकेक करून पुन्हा लिहायच्या, विंडोजचा आतला मजकूर न बघता, केवळ वागणूक बघून. पहिली पक्की आवृत्ती निघाली २००८ साली, पंधरा वर्षांनी. अलेक्सांद्र झुलियार हे १९९४ पासून त्याची धुरा वाहत आहेत. त्यावरच बेतलेलं क्रॉसओव्हर विकत मिळतं आणि मॅकवर बसवायला सोपं आहे. दुसरी चूल नाही, विंडोजचा परवाना नाही, ६४ जीबी नाही. सासूच्या हातची आमटी सुनेने तिची कृती न विचारता, नुसत्या चवीवरून करावी, तसा प्रकार. बहुतेकदा जमते. एखाद दिवशी आमसूल राहून जातं, आणि प्रोग्रॅमचा एकच मेनू उघडत नाही. नेमका तोच, जो तुम्हाला हवा असतो.

पण वाइन सोडवतं ती दुसरी गाठ. नव्या मॅकवर पहिली गाठ सोडवायला त्याला ॲपलचा दुभाष्या रोझेटा सोबत घ्यावा लागतो. रोझेटा फार हुशार आहे. इंटेलची चिप मेमरीत नोंदी करताना जो क्रम पाळते, तो आर्म पाळत नाही, म्हणून ॲपलने आपल्या चिपमध्येच इंटेलसारखा क्रम पाळायची एक खिट्टी ठेवली, केवळ रोझेटासाठी. तरी त्याच्या शब्दसंग्रहात बरीच वर्षं एक भोक होतं. इंटेलने २०११ पासून चिपमध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचना दिल्या, एका दमात आठ-आठ संख्यांची बेरीज करणाऱ्या. मोठं गणित करणारी सॉफ्टवेअर त्यांच्यावर जगतात. रोझेटाला त्या २०२४ पर्यंत कळत नव्हत्या, आणि असा प्रोग्रॅम सुरू होताच काही न बोलता मरायचा. दुसरी गोष्ट मुदतीची. ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकलं आहे, की रोझेटा पूर्ण रूपात मॅकओएस २७ पर्यंतच मिळेल, नंतर काही जुन्या खेळांपुरता उरेल. आज पीएचडीला नाव नोंदवणाऱ्याने पाच वर्षांचा हिशेब करूनच वाइनवर भिस्त ठेवावी.

तिसरी गाठ उरली. ती मला कळली स्वतःच्या हातून. मी एका संस्थेत बरीच वर्षं संगणक सांभाळले. तिथे एका विभागप्रमुखांनी मॅक घेतला आणि त्यांना त्यांचं वर्णपट मोजायचं सॉफ्टवेअर त्यावर हवं झालं. ते सॉफ्टवेअर डोंगलवर चालायचं: अंगठ्याएवढी यूएसबी किल्ली, लावली तरच प्रोग्रॅम उघडणार. मी शुक्रवारी संध्याकाळी आर्मचं विंडोज टाकलं, सॉफ्टवेअर टाकलं, सगळं सुरळीत. किल्ली लावली. तिचा हिरवा दिवा लागलाच नाही. वेगळा पोर्ट, वेगळी केबल, पुन्हा विंडोज, पुन्हा सॉफ्टवेअर. रविवारी रात्री अकरा वाजता डोक्यात उजेड पडला, किल्लीत नाही तरी.

झालं असं होतं. दुभाष्या उभा असतो तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या अंगणात, जिथे साधे प्रोग्रॅम येतात. ड्रायव्हर मात्र देवघरात जातो, सिस्टीमच्या गाभ्यात, जिथे मेमरी आणि यंत्रं थेट हाताळली जातात. तिथे दुभाष्याला प्रवेश नाही. आर्मच्या विंडोजमध्ये ड्रायव्हर आर्मचाच लागतो. इंटेलचा ड्रायव्हर तिथे भाषांतर होऊन चालत नाही, कधीही नाही. त्या किल्लीच्या कंपनीने आर्मचा ड्रायव्हर बनवला नव्हता. विषय संपला. मेमरी वाढवून, महाग मॅक घेऊन, नवी आवृत्ती टाकून यात काही फरक पडत नाही. कंपनीला एक ओळीची मेल आधी टाकली असती, आर्मचा ड्रायव्हर आहे का म्हणून, तर शनिवार-रविवार घरी झोपलो असतो.

अख्खी इंटेल चिप सॉफ्टवेअरमध्ये उभी करणारा क्यूईएमयू हा प्रकार आहे, फाब्रिस बेलार यांनी २००३ साली सुरू केलेला. मॅकवर तो यूटीएम या सोयीस्कर वेष्टनात मिळतो. त्यात गाभाही इंटेलचाच असल्याने जुना ड्रायव्हरही तत्त्वतः चालतो. पण ही पुन्हा व्हर्च्युअल पीसीची पंगत. एक्सपीच्या काळातलं एखादं छोटं सॉफ्टवेअर, महिन्यातून एकदा, यासाठी ठीक. रोजच्या कामाला नाही.

म्हणून यंत्र चालवायचं सॉफ्टवेअर मॅकवर आणायच्या फंदात पडूच नये, असं माझं मत आहे. यंत्राला त्याच्या पीसीसोबत सुखाने राहू द्यावं. त्याने काढलेले आकडे आपल्याकडे आणावेत. यात अडचण येते ती फायलींची, कारण यंत्राच्या कंपन्या आकडेही आपल्याच कुलपात ठेवतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्यांनी यावर फार चांगली वाट काढली. २००८ साली त्यांनी सगळ्यांना वाचता येईल असा एमझेडएमएल हा खुला फॉरमॅट ठरवला, आणि प्रोटिओविझर्ड या प्रकल्पाने कंपन्यांच्या फायली त्यात बदलून देणारा प्रोग्रॅम केला. त्याला कुलूप उघडायला कंपन्यांच्याच विंडोजमधल्या चाव्या लागतात. तर त्यांनी तो प्रोग्रॅम वाइनसकट एका डब्यात भरला, आणि मोठमोठ्या लिनक्स संगणकांवर आता विंडोजचं ते सॉफ्टवेअर विंडोजशिवाय रात्रंदिवस फायली बदलत बसतं.

एकदा आकडे मोकळे झाले, की विश्लेषणाला पर्याय अनेक. 'एनआयएच इमेज' लिहिणारे वेन रॅसबँड यांनी पीसीवाल्यांची अडचण ओळखून १९९७ साली तेच काम जावात नव्याने लिहायला घेतलं. ते इमेजजे, आज मॅक, विंडोज, लिनक्स, कुठेही चालणारं. रासायनिक कारखान्याचं गणित मांडणारं ॲस्पेन हे एमआयटीत जन्मलेलं, आता केवळ विंडोजवरचं, महागडं सॉफ्टवेअर. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याच्या जागी डीडब्ल्यूसिम वापरायला शिकवतो. देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी आपल्या पुस्तकातल्या प्रक्रिया त्यात मांडून तिथे ठेवल्या आहेत, आणि डीडब्ल्यूसिम मॅकवरही चालतं. ओरिजिनच्या जुन्या ओपीजे फायली लॅबप्लॉट हे मोफत सॉफ्टवेअर मॅकवर उघडून दाखवतं. नुसतं बघायचं असेल तर खुद्द ओरिजिनवाल्यांचा मॅकसाठीचा फुकट व्ह्यूअरही आहे.

मार्ग कुठलाही घ्या, एक चाचणी मी सक्तीची मानतो. इंटेलच्या चिपमधल्या जुन्या गणितविभागात मधले हिशेब ऐंशी बिटांत ठेवायची सोय होती. आर्मच्या चिपमध्ये तशी नाही. भाषांतरातून आलेल्या जुन्या प्रोग्रॅमचा दशांशानंतरचा शेवटचा अंक क्वचित हलू शकतो, आणि हजार वेळा फिरणाऱ्या हिशेबात तो अंक पुढे सरकत येऊ शकतो. म्हणून ज्याचं उत्तर माहीत आहे असा नमुना दोन्हीकडे तपासायचा. भाचीच्या कामात तो सोपा होता: सिलिकॉनची भुकटी. तांब्याच्या नळीतल्या एक्स-किरणांखाली तिचं पहिलं शिखर २८.४४ अंशांवर येतं, जगात कुठेही. तिने लॅबच्या पीसीवर आणि आपल्या मॅकवर तीच फाइल चालवली. शिखर दोन्हीकडे २८.४४ वरच. रुंदीही जुळली. मग तिने थिसिसचं पहिलं प्रकरण लिहायला घेतलं.

राहिलं शिखरांवरून स्फटिकाची रचना बसवायचं सॉफ्टवेअर. त्याचा परवाना लॅबच्या पीसीलाच बांधलेला, दुसरीकडे टाकायची परवानगी नाही. इथे कुठलीच चूल कामाची नव्हती. लॅबच्या पीसीवर विंडोजची प्रो आवृत्ती होती हे बरं झालं; होम असती तर तिने दुरून कुणाला आत घेतलं नसतं. विद्यापीठाचा व्हीपीएन, मॅकवर मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज ॲप', आणि भाची हॉस्टेलच्या खोलीतून लॅबच्या पीसीवर बसू लागली. हिशेब तिकडे होतो, इकडे येतो तो फक्त पडदा. तिसऱ्या मित्राला ती म्हणाली, मॅक विकणार नाही.

दिवसा सगळं छान चाले. पण रोज संध्याकाळी सहाला संपर्क तुटे. व्हीपीएन तपासला, पीसीची झोप बंद केली, राउटर बदलून पाहिला. मला फोनवर फोन. शेवटी ती एका संध्याकाळी सहाच्या आधी लॅबमध्ये जाऊन नुसती बसून राहिली. सहाला शिपाईमामा आले, त्यांनी खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, आणि तीस वर्षांच्या सवयीने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

आता त्या स्विचवर तिच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे: "मामा, हे एक बटण चालू राहू द्या." मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, मलाच लिहिला आहे.